उष्मा, श्रम आणि मनुष्यदेह



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून हा परिपाठ गावोगाव पसरला. या परिपाठात विद्येचे प्रेम तर आहेच, पण व्यवहाराचे शहाणपणही आहे. व्याख्याने सायंकाळी होतात. दिवसभर तापलेली जमीन निवू लागते, अंगणात सडा पडतो, आणि मग माणसाचे मन दुसऱ्याचे चार शब्द ऐकण्यास तयार होते. वसंत हा शब्द कवींना प्रिय खरा. परंतु आपल्याकडे वसंत म्हणजे अंगाची लाही. तेव्हा या ऋतूत बोलावयाचे तर उष्म्याविषयीच का बोलू नये, असा विचार करून मी हा विषय घेतला आहे.

मी येथून सभागृहाकडे पाहतो तेव्हा मला एक गंमत दिसते. पुढच्या रांगेत मुले बसली आहेत. ती घामाघूम आहेत, पण त्यांचे तिकडे लक्ष नाही. मधल्या रांगांतील मंडळी कार्यक्रमपत्रिकेने वारा घेत आहेत. कडेच्या खुर्च्यांवर काही वृद्ध मंडळी अगदी स्वस्थ बसली आहेत. त्यांतील एका गृहस्थांनी तर अंगावर उपरणे घेतले आहे. हवा एकच, उष्मा एकच. मग शरीरागणिक हा फरक का? यात वयाचा भाग किती, स्त्रीपुरुषभेदाचा किती, आणि केवळ सवयीचा किती? आजचा प्रश्न एवढाच आहे. तो वरवर दिसतो तितका करमणुकीचा नाही. त्याच्या उत्तरावर दर उन्हाळ्यात काही माणसांचे प्राण अवलंबून असतात.

प्रथम शरीराचा जमाखर्च पाहू. मनुष्यदेह ही एक भट्टी आहे, आणि ती कधीही विझत नाही. साठ किलो वजनाचा माणूस नुसता स्वस्थ बसला तरी त्याच्या देहात तासाला साठ-सत्तर उष्मांक उष्णता निर्माण होते. ही उष्णता बाहेर पडलीच नाही, तर त्याच्या अंगाचे तापमान दर तासाला एक अंश सेल्सिअसहून अधिक वाढेल. म्हणजे सकाळी धडधाकट असलेला माणूस दुपारी तापाने फणफणेल. ही झाली बसलेल्या माणसाची गोष्ट. कुदळ मारणाऱ्याच्या किंवा धावणाऱ्याच्या देहात हीच उष्णता पाचपट, दहापट होते. कारण आपले स्नायू हे फारसे काटकसरी यंत्र नाही. खर्च होणाऱ्या शक्तीचा चौथा-पाचवा हिस्सा कामास लागतो. उरलेल्या सगळ्याची उष्णता होते.

ही उष्णता बाहेर टाकण्याचे मार्ग मुख्यतः दोन. पहिला मार्ग रक्ताचा. आतली उष्णता घेऊन रक्त कातडीकडे येते आणि तेथे निवते. स्वस्थ अवस्थेत आपले हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त लोटते. कडक उष्म्यात तरुण माणसाच्या एकट्या त्वचेकडेच मिनिटाला सहा ते आठ लिटर रक्त जाऊ शकते. म्हणजे उन्हात हृदयावर केवढा बोजा पडतो पाहा! आणि त्याच वेळी माणूस श्रम करीत असला तर स्नायूही रक्त मागतात. एका विहिरीवर दोन मोटा लागाव्यात तसा हा प्रकार होतो.

दुसरा मार्ग घामाचा. बाहेरची हवा कातडीहून अधिक तापली, म्हणजे पस्तीस अंशांच्या पुढे गेली, की हवा आपली उष्णता घेण्याऐवजी आपणांस देऊ लागते. मग घाम हा एकच तरणोपाय उरतो. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला, तर तो सुमारे पाचशे ऐंशी उष्मांक घेऊन जातो. येथे 'वाळला' हा शब्द महत्त्वाचा आहे. टपकून जमिनीवर पडलेला घाम पाणी घेऊन जातो, मीठ घेऊन जातो. उष्णता मात्र जवळजवळ नेत नाही.

हे तत्त्व आपल्याला नवे नाही. आपल्या स्वयंपाकघरातला माठ हेच करतो. तो पाझरतो, पाझरलेले पाणी वाऱ्याने उडून जाते, आणि आतले पाणी गार होते. पावसाळ्यात तोच माठ पाणी गार करीत नाही, कारण हवा आधीच ओली असते. आणि फार जुना झालेला माठ उन्हाळ्यातही गार करीत नाही, कारण त्याची छिद्रे क्षारांनी बुजलेली असतात. हा माठ आपण ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

घामाचे सामर्थ्य किती याचा एक जुना पुरावा सांगतो. चार्ल्स ब्लॅग्डेन नावाच्या इंग्रज वैद्याने आपल्या मित्रांसह तापवलेल्या खोल्यांत शिरून प्रयोग केले आणि त्यांची हकीकत १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली. खोलीतील कोरडी हवा अखेरीस एकशेवीस अंश सेल्सिअसच्या वर नेली होती. त्या खोलीत ठेवलेली अंडी वीस मिनिटांत टणक झाली, मांस भाजून निघाले. पण हे गृहस्थ काही मिनिटे त्याच हवेत उभे राहून सुखरूप बाहेर आले, आणि त्यांच्या अंगाचे तापमान जवळजवळ होते तेवढेच राहिले. खोलीत वाफ असली म्हणजे मात्र याहून पुष्कळ कमी उष्णताही त्यांना सोसवेना. पुणेकरांना नागपूरच्या ज्या उन्हाचे भय वाटते, त्याहून मुंबईची कमी तापलेली पण दमट हवा कित्येकदा अधिक का छळते, याचे उत्तर या प्रयोगात आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपल्या समाजात एक समज फार रुजलेला आहे की, बायकांची जात नाजूक, तिला ऊन आणि श्रम सोसत नाहीत. गंमत अशी की, हा समज बाळगणाऱ्या घरातच भर दुपारी चुलीपुढे स्त्रीच बसलेली असे, आणि शेतात निंदणी-खुरपणीला ओणवी झालेलीही स्त्रीच असते. परंतु हा समज केवळ आपला नाही. सुधारलेल्या म्हणवणाऱ्या देशांनीही तो कवटाळला होता.

धावण्याच्या शर्यतींचा इतिहास पाहा. १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये इटलीचा दोरांदो पिएत्री मॅरेथॉनच्या शेवटी मैदानात आला तो झोकांड्या खात. तो पुन्हा पुन्हा पडला. पंचांनी त्याला हात देऊन पैलतीराला नेले, आणि त्यामुळेच तो बाद ठरला. १९१२ साली स्टॉकहोमला भर उन्हात मॅरेथॉन झाली. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो वाटेत कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. त्याचे वय पंचविशीच्याही आत होते. उन्हापासून बचाव व्हावा म्हणून त्याने अंगाला मेणासारखा स्निग्ध लेप लावला होता, असे सांगतात. म्हणजे त्याने आपल्या माठाची छिद्रे आपल्याच हाताने लिंपून टाकली! या दोन प्रसंगांनंतर पुरुषांना धावणे झेपत नाही, असा निष्कर्ष कोणी काढला काय? कोणीही नाही.

१९२८ साली ॲम्स्टरडॅमला स्त्रियांची आठशे मीटरची शर्यत प्रथमच झाली. जर्मनीची लिना राड्के पहिली आली, जपानची हितोमी किनुए दुसरी आली. नऊ जणी धावल्या आणि नऊही जणींनी शर्यत पुरी केली. शर्यत संपल्यावर काही जणी दमून गवतावर बसल्या-पडल्या, जसे पुरुषही पडतात. पण वृत्तपत्रांनी त्याचा असा काही गहजब केला की, ही शर्यत स्त्रियांच्या प्रकृतीला घातक ठरवून ऑलिंपिकमधून काढून टाकण्यात आली. ती परत आली १९६० साली. बत्तीस वर्षे! स्त्रियांची मॅरेथॉन तर १९८४ साली लॉस एंजेलिसला प्रथम झाली. तीत अमेरिकेची जोन बेनॉइट पहिली आली. पण लोकांच्या स्मरणात राहिली ती स्वित्झर्लंडची गॅब्रिएला अँडरसन-शीस. वय एकोणचाळीस. उष्म्याने तिचे अंग वाकडे झालेले, पाय लटपटणारे. मैदानातील शेवटच्या फेरीला तिला पावणेसहा मिनिटे लागली. कडेला डॉक्टर उभे होते. त्यांनी पाहिले की तिला अजून घाम येत आहे. म्हणजे शरीराची यंत्रणा चालू आहे. त्यांनी तिला जाऊ दिले. तिने शर्यत पुरी केली, आणि काही तासांत ती सावरली. १९२८ सालच्या न्यायाने पाहिले असते, तर ही शर्यतही बंद झाली असती. पण १९८४ साली लोकांनी घामाकडे पाहिले, लिंगाकडे पाहिले नाही.

मग प्रयोगशाळा काय सांगते? आरंभीच्या प्रयोगांनी जुन्या समजाला पुष्टीच दिली. १९४० साली न्यूयॉर्कमध्ये हार्डी आणि ड्युबॉइस यांनी दाखवले की, स्त्रियांना घाम पुरुषांपेक्षा उशिरा, अधिक उष्णतेला सुटतो. १९६५ साली दक्षिण आफ्रिकेत विंडम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उष्ण व दमट हवेत स्त्रीपुरुषांकडून श्रम करवून घेतले, तेव्हाही स्त्रियांना घाम कमी आला. परंतु अशा बहुतेक प्रयोगांत एक पाचर होती. स्त्री आणि पुरुष दोघांनाही एकच, सारख्या मापाचा श्रम दिलेला असे. पन्नास किलोच्या आणि सत्तर किलोच्या माणसाच्या पाठीवर एकच पोते द्यावे, आणि पहिला लवकर धापा टाकू लागला की त्याची जातच दुबळी म्हणावे, तसे हे झाले. ज्याची प्राणवायू वापरण्याची शक्ती अधिक, त्याला तेच काम हलके जाते. सरासरीने ती शक्ती पुरुषात अधिक असते. शिवाय पुष्कळ ठिकाणी मुलींना धावण्याखेळण्याची सवयच लावलेली नसते.

ही पाचर पुढे काढली गेली. १९८१ साली फ्राय आणि कामोन या संशोधकांनी सारख्याच श्रमशक्तीचे स्त्रीपुरुष निवडले आणि त्यांना कोरड्या उष्म्यात चालविले. उन्हाची सवय होण्यापूर्वी थोडा फरक दिसला. सवय झाल्यावर तो जवळजवळ नाहीसा झाला. तेव्हा पूर्वी ज्याला स्त्रीचा दुबळेपणा म्हणत, त्याचा मोठा हिस्सा देहाच्या मापाचा आणि सवयीचा होता.

फरक मुळीच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. कॅनडातील ओटावा येथील अलीकडच्या प्रयोगांत असे आढळले की, श्रम व उष्मा फार वाढला म्हणजे एका मर्यादेनंतर स्त्रीचा घाम पुरुषाइतका वाढत नाही. अत्यंत कोरड्या, कडक उन्हात ही उणीव ठरते. पण दमट हवेत हीच काटकसर उपयोगी पडते, कारण तेथे पुरुषाचा पुष्कळसा घाम नुसता टपकून वाया जातो. ऋतुचक्राच्या उत्तरार्धात स्त्रीच्या अंगाचे तापमान तीन ते पाच दशांश अंशांनी चढते आणि घामही थोडा उशिरा सुटतो. पण त्यामुळे तिची श्रम करण्याची शक्ती फारशी घटत नाही. रजोनिवृत्तीच्या सुमारास अंगातून एकाएकी उष्णतेच्या लाटा येतात. तो मनाचा खेळ नव्हे, मेंदूतील तापमान सांभाळणाऱ्या केंद्राचा तोल त्या काळात बदललेला असतो. गर्भवतीने मात्र उन्हापासून खरोखरच जपले पाहिजे, कारण तेथे एका देहावर दोन जिवांचा भार असतो.

परंतु आपल्या देशातील स्त्रीला ऊन अधिक बाधत असेल, तर त्याची कारणे शोधण्यासाठी शरीरशास्त्राच्या ग्रंथात फार खोल जाण्याचे कारण नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर भारतीय स्त्रियांमागे सत्तावन्न जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. रक्त कमी म्हणजे प्राणवायू कमी, आणि हृदयाचे ठोके जास्त. दुसरे कारण सांगण्यास सभेत संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे. शेतावर, बांधकामावर, बाजारात काम करणाऱ्या कित्येक बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. कारण जवळपास आडोसा नसतो, शौचकूप नसतो. तहान लागलेली असते, पाणीही असते, पण त्या पीत नाहीत. हा दोष घामाच्या ग्रंथींचा नव्हे. एक भिंत आणि एक दार बांधले तर तो दूर होईल.

आता वयाकडे वळू. येथे मला दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. त्या एकमेकींच्या विरुद्ध वाटतील, पण दोन्ही खऱ्या आहेत.

पहिली गोष्ट आशेची. १९६६ साली अमेरिकेत डॅलस येथे वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहावयास लावले. नंतर मोजले तेव्हा त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल शक्ती चौथ्या हिश्श्याहून अधिक घटलेली आढळली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा बोलावले. आता ते पन्नाशीचे गृहस्थ झाले होते, वजने वाढली होती. पुन्हा मोजणी झाली, आणि असे दिसले की, तीस वर्षांच्या आयुष्याने त्यांची जेवढी शक्ती नेली, त्याहून अधिक शक्ती तरुणपणी तीन आठवड्यांच्या अंथरुणाने नेली होती! पुढे सहा महिने त्यांना हळूहळू वाढता व्यायाम दिला, तेव्हा वयाने घटलेली ती शक्ती विशीतील मूळ पातळीला परत आली. भगिनींनो आणि बंधूंनो, यातील मथितार्थ आपण घरी घेऊन जावा. ज्याला आपण म्हातारपण म्हणतो, त्यातील बराचसा भाग आरामखुर्चीचा असतो.

उष्म्याच्या बाबतीतही असेच दिसले. सिड रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार पुरुषांची उन्हात श्रम करण्याची परीक्षा एकवीस वर्षांच्या अंतराने दोनदा घेतली आणि १९६५ साली तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. दुसऱ्या वेळी ही मंडळी चव्वेचाळीस ते साठ वर्षांची होती. तरीही रोज थोडे थोडे उन्हात चालून त्यांना उष्म्याची सवय जवळजवळ तरुणपणाइतकीच झाली. ही सवय म्हणजे काय, तर दहा-चौदा दिवसांत घाम लवकर सुटू लागतो, अधिक सुटतो, त्यातील मीठ कमी होते, आणि त्याच कामाला नाडी कमी उडते. आपला शेतकरी ही सवय फाल्गुनातच करून घेत असतो. म्हणून वैशाखाचे ऊन त्याला पेलते. वर्षभर कचेरीत बसलेला माणूस मे महिन्यात एकाएकी गावच्या शेतात कुदळ हाती घेतो, तेव्हा तो संकट ओढवून घेतो. अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस अशी आहे की, उन्हाच्या कामावर नव्याने आलेल्या माणसास पहिल्या दिवशी पाचवा हिस्साच काम द्यावे आणि रोज तेवढेच वाढवावे. आपल्या मुकादमांनी ही शिफारस पाठ करण्यासारखी आहे.

दुसरी गोष्ट सावधगिरीची. वय काही गोष्टी खरोखरच घेऊन जाते. म्हातारपणी घामाच्या ग्रंथींची संख्या फारशी घटत नाही, पण एकेका ग्रंथीतून सुटणारा घाम कमी होतो; जुन्या माठासारखेच हे होते. कातडीच्या रक्तवाहिन्या पूर्वीइतक्या रुंदावत नाहीत, त्यामुळे आतली उष्णता बाहेर येण्याची वाट अरुंद होते. हृदयाची कमाल गती वयाबरोबर उतरते, आणि ती व्यायामानेही परत येत नाही. २०१३ साली ओटावाच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, श्रम करताना उष्णता बाहेर टाकण्याच्या शक्तीतील ही घट चाळिशीपासूनच दिसू लागली. तेव्हा ही केवळ आजोबांची गोष्ट नाही. सभेतील कर्त्या मंडळींचीही आहे.

पण या सगळ्याहून मला धोक्याची वाटते ती एक निराळीच घट. १९८४ साली इंग्लंडमध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध झाला. सदुसष्ट ते पंचाहत्तर वर्षांचे सात निरोगी वृद्ध आणि सात तरुण घेतले, आणि त्यांना चोवीस तास पाणी दिले नाही. नंतर त्यांचे रक्त तपासले, तेव्हा वृद्धांचे रक्त तरुणांपेक्षा अधिक आटलेले होते. म्हणजे पाण्याची गरज वृद्धांना अधिक होती. पण विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की, आम्हांस विशेष तहान नाही. आणि पुढे पाणी ठेवले, तेव्हा तरुण घटाघटा प्यायले. वृद्धांनी त्या मानाने फारच थोडे पाणी घेतले.

आपल्या घरातील आजी म्हणते, "मला मेलीला तहानच लागत नाही." आपण समजतो की तिला पाणी नको आहे. वस्तुतः तिचे शरीर पाणी मागत असते, पण ती मागणी तिच्यापर्यंत पोचत नाही. उष्म्याची जाणीवही अशीच बोथट होते. सभेत उपरणे घेऊन बसलेल्या गृहस्थांचा मी मघाशी उल्लेख केला. त्यांनी रागावू नये, पण त्यांना उकडत नाही याचा अर्थ उष्मा त्यांना बाधत नाही असा होत नाही. वय शरीराची शक्ती नेते, ती भरून काढण्यास उपाय आहेत. पण वय शरीरातला पहारेकरीही नेते, आणि तो गेल्याचे घरच्या धन्यालाच कळत नाही. म्हणून तेथे दुसऱ्या कोणी पहारा केला पाहिजे. त्यातच वृद्ध माणूस रक्तदाबासाठी लघवी वाढवणारे औषध, किंवा हृदयाची गती आवरणारे औषध घेत असला, तर उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आपल्या मनाने औषध बंद मात्र करू नये.

मुलांविषयी दोन शब्द. मुलाला घाम कमी येतो, आणि लहान देहाला वजनाच्या मानाने कातडी अधिक असल्यामुळे कडक उन्हात बाहेरची उष्णता लवकर आत शिरते. म्हणून पूर्वी मुले फार नाजूक समजत. २०११ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने हे मत सुधारले. पुरेसे पाणी व विसावा मिळाला तर धडधाकट मूल मोठ्यांइतकेच ऊन सोसते. पण मुलाला थांबण्याचे भान नसते. ते भान शिक्षकाने आणि खेळाच्या गुरुजींनी ठेवावयाचे असते.

आता या सर्व ज्ञानाची कसोटी पाहू. उष्णतेची मोठी लाट येते तेव्हा मरते कोण? १९९५ सालच्या जुलैमध्ये शिकागो शहरात अशी लाट आली आणि सातशेहून अधिक माणसे दगावली. मृतांत वृद्ध फार. आणि वयाचा हिशेब करून पाहिले, तर स्त्रियांपेक्षा पुरुषांचे प्रमाण अधिक. २००३ सालच्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये सुमारे पंधरा हजार माणसे गेली. तेथेही वृद्धच फार. पण समान वयाचा विचार केला तरी स्त्रियांचे प्रमाण अधिक. घाम तर दोन्हीकडे सारखाच सुटतो. मग हा उलटा हिशेब का? शिकागोची चौकशी करणाऱ्यांना दिसले की, एकटी राहणारी, नात्यागोत्याचे धागे तुटलेली माणसे मेली, आणि तशांत म्हातारे पुरुष फार होते. कोणाचे दार कोणी ठोठावले नाही, हेच मरणाचे मोठे कारण ठरले.

आपल्याकडेही हे घडले आहे. २०१० सालच्या मे महिन्यात अहमदाबादेत पारा सेहेचाळीस अंशांच्या वर गेला, आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू झाले. त्या धड्याने जागे होऊन त्या नगरपालिकेने २०१३ साली उष्म्याच्या दिवसांसाठी पूर्वसूचनेची व उपायांची योजना आखली. पुढे इतर शहरांनी तिचा कित्ता गिरवला. आणि १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर भर दुपारपर्यंत चाललेल्या समारंभात बसलेल्या चौदा श्रोत्यांचे प्राण गेले. तेही आपल्यासारखे कोणाचे शब्द ऐकावयास गेले होते. त्या दिवशी पारा काही विक्रमी चढला नव्हता. म्हणून मी आरंभी म्हटले की, व्याख्याने सायंकाळी ठेवण्यात शहाणपण आहे.

मग करावयाचे काय? उपाय साधे आहेत आणि बरेचसे आपल्या घरातलेच आहेत. दुपारी बारा ते चार श्रम टाळावे. माठातले पाणी, ताक, पन्हे, कोकमाचे सरबत तहानेची वाट न पाहता घ्यावे. मात्र ज्यांना डॉक्टरांनी पाणी किंवा मीठ मोजून घ्यावयास सांगितले आहे, त्यांनी त्यांचे ऐकावे. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, हा समज सोडून द्यावा; कांदा भाकरीबरोबर खावा. हवा चाळीस अंशांवर गेली की नुसता पंखा भट्टीच्या भात्यासारखा गरम वारा घालतो. तेव्हा वृद्धाच्या अंगावर ओला पंचा ठेवावा, म्हणजे जो घाम त्याच्या ग्रंथी देत नाहीत तो आपण बाहेरून दिल्यासारखे होते. उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, अंग भाजल्यासारखे तापले, तर तो उष्माघात समजावा. घाम येत आहे म्हणून गाफील राहू नये. श्रमाने आलेल्या उष्माघातात अंग ओलेही असते. त्याला सावलीत नेऊन अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा, आणि ते करता करताच दवाखान्याची वाट धरावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

आणि जो निरोगी आहे त्याने, मग तो साठीचा असो वा सत्तरीचा, स्त्री असो वा पुरुष, सकाळच्या गार वेळी रोज चालावे. डॅलसच्या त्या पाच गृहस्थांची आठवण ठेवावी. सुनेने चालावयास जावे, सासूनेही जावे. दोघी मिळून गेल्या तर दोन्ही घरांचे कल्याण होईल.

शेवटी एकच मागणे मागतो. आज घरी जाताना आपल्या आळीतील एकटी राहणारी वृद्ध माणसे कोणती, हे मनाशी आठवावे. त्यांतील एक घर आपले म्हणावे. उद्यापासून पाऊस पडेपर्यंत रोज दुपारी त्या दारावर थाप मारावी आणि हातात तांब्या द्यावा. "तहान नाही हो" असे उत्तर येईल. ते ऐकून परत फिरू नये. पाणी प्यायलेले डोळ्यांनी पाहावे, मगच निघावे.

 बाहेर पाण्याची व्यवस्था केलेली आहे. तहान लागली नसली तरी आपण सर्वांनी पाणी पिऊनच जावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.